दुसऱ्या चिठ्ठीचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तुम्हीही काहीतरी लिहा, असा तगादा कार्यकर्त्यांनी दोन महिने लावला होता. आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं राहून जन्म काढलेली माणसं. शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही वाचलं ते तिसरी पाळी संपवून आल्यावर, आणि तेही बरंचसं रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेलं. तेव्हा लिहिण्यात चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावी. विषय मात्र आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. स्मरणिकेत दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रं येतात, ती यायलाच हवीत. पण ज्या मतपेटीसाठी बाबासाहेबांनी आयुष्य घातलं, त्या मतपेटीचा हिशेब कसा चालतो हे आपल्या घरात कुणी कुणाला सांगत नाही.

त्याला कारणही घडलं. ७ मे २०२४ रोजी कोल्हापूर लोकसभेचं मतदान होतं. आम्ही राधानगरीतल्या एका बूथवर एजंट म्हणून बसलो होतो. दुपारी ऊन मी म्हणत होतं. गल्लीतला एक पोरगा, डिप्लोमा झालेला, मत देऊन बाहेर आला आणि आम्ही पाणी प्यायला उठलो तेव्हा म्हणाला, "काका, आपल्या गल्लीची पन्नास मतं. ती कुठंबी पडली तरी दिल्लीत कुणाला कळणार हाय?" आम्ही त्याला तेवढ्यापुरतं काहीतरी सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या कोल्हापूर मतदारसंघात सहा विधानसभा येतात: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर. त्यात आपली गल्ली म्हणजे पाटीतली एक ज्वारीची कणी. पोरगा खोटं बोलला नव्हता.

हाच प्रश्न आम्ही लहानपणी आमच्या थोरल्या चुलत्यांना विचारला होता. त्यांना सगळे आबा म्हणत. राधानगरीकडची पुष्कळ माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, तसे आबाही गेले आणि नायगावला खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहिले. १९५२ साली त्यांनी पहिलं मत दिलं. ते सांगायचे, "पोरा, तवा एकेकाला दोन चिठ्ठ्या मिळायच्या. एक हत्तीच्या पेटीत, एक झाडाच्या पेटीत. आमी दोनी बराबर टाकल्या. पर समोरच्यांची दुसरी चिठ्ठी काय आमच्या पेटीत आली न्हाई." एवढं बोलून ते गप्प बसायचे. आम्हाला तेव्हा काही कळलं नाही. कळायला पुढची वीस वर्षं आणि बरीच रद्दी लागली.

आबांच्या या एका वाक्यात आपल्या मताचा सारा इतिहास आहे असं आमचं मत आहे. म्हणून तो जरा मागून सांगतो.

मताचा अधिकार आपल्याला कुणी आपसूक दिला नाही. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब अवघे सत्तावीस वर्षांचे होते. इंग्रजांच्या काळात मत होतं ते जमीन, सारा, घरपट्टी, शिक्षण अशा गोष्टी असणाऱ्याला. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला मत नाही, आणि ज्याला मत नाही त्याला जमीन मिळण्याची आशा नाही, अशी ती चक्की. पुढच्याच वर्षी २१ आणि २२ मार्च १९२० ला आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावात परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे आले. ज्या राजाने आपल्या राधानगरीचं धरण बांधायला घेतलं त्याच राजाने, हा तुमचा पुढारी आहे, असं आपल्या माणसांना सांगितलं. आपला पुढारी आपण निवडायचा, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने अशी अगोदर ऐकली.

पण निवडायचा कुणी, ही खरी मेख होती. १९३२ चा पुणे करार आपल्याकडे पोराटोरांना तोंडपाठ असतो. २४ सप्टेंबरला येरवड्यात सह्या झाल्या, प्रांतिक कायदेमंडळात १४८ राखीव जागा मिळाल्या, आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. म्हणजे जागा राखीव, उमेदवार आपला, पण निवडणार सगळे. ज्यांनी पाणवठ्यावर घेतलं नाही त्यांच्याही मतावर आपला प्रतिनिधी ठरणार. यावर सभांतून खूप बोललं जातं, आम्ही पुन्हा उगाळत नाही. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९३७ साली मुंबई इलाख्यात जी निवडणूक झाली तिच्यात एका मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला होती, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. म्हणजे थोडक्या लोकांनी एकी केली आणि सगळी मतं एकाच्या पदरात टाकली, तर त्यांचा माणूस निवडून येऊ शके. बाबासाहेब भायखळा-परळ भागातून निवडून आले ते या पद्धतीत. मत तेच, माणसं तीच, पण मोजायची रीत अशी असली की मूठभरांनाही वजन येतं. आपलं कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ रोजी. त्यामुळे हा प्रकार आपल्याकडच्यांना मुंबईला गेलेल्या गिरणी कामगारांच्या तोंडूनच कळला.

नंतर घटना आली. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला, प्रत्येक माणसाला मत. जमीन विचारायची नाही, जात विचारायची नाही, सही येते का अंगठा हेही विचारायचं नाही. (वय अठरा झालं ते १९८९ ला.) निवडणूक आयोगाचे पहिले आयुक्त सुकुमार सेन. त्यांच्यापुढे काम होतं ते याद्या करण्याचं. उत्तरेकडे लाखो बायांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. अशी २८ लाखांच्या आसपास नावं यादीतून काढावी लागली. नाव नाही तर मत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

आता त्या दोन चिठ्ठ्या. १९५१-५२ च्या लोकसभेत जागा ४८९ होत्या, पण मतदारसंघ होते ४०१. कारण ३१४ मतदारसंघांत एक जागा, ८६ मतदारसंघांत दोन जागा, आणि बंगालात एका ठिकाणी तीन. जिथे राखीव जागा द्यायची तिथे बहुतेक वेळा एका मोठ्या मतदारसंघात एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागा ठेवत. मतदाराला दोन चिठ्ठ्या. शिक्का वगैरे मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह डकवलेलं. आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची की झालं. (यातल्या पुष्कळ पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. लोकशाहीची पेटीसुद्धा कामगारानेच ठोकली, हे जाता जाता सांगून ठेवतो.) काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, आणि आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती.

नियम मात्र १९३७ चा राहिला नाही. दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक धरणार, दुसरी बाद. आणि निकाल असा लावायचा की राखीव उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो आधी राखीव जागेवर निवडून आला. मग उरलेल्यांत ज्याला जास्त, तो दुसऱ्या जागेवर. यातून काय होतं पाहा. आपल्या लोकांची संख्या कुठेच निम्म्यावर नाही. आपण आपली एक चिठ्ठी हत्तीला देणार, ती ठरलेलीच. पण तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी हातातली दुसरी चिठ्ठी हत्तीच्या पेटीत पडायला हवी. ती पडावी म्हणून आपली दुसरी चिठ्ठी त्यांना द्यायची. याला म्हणतात युती. वर्तमानपत्रवाले युतीला संधिसाधूपणा म्हणोत, पण जिथे एका पक्षाच्या हातात सगळं नाही तिथे निवडणुकीचा हा पाया आहे.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि जानेवारी १९५२ ला ते मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघात उभे राहिले. युती समाजवादी पक्षाशी, सोबत अशोक मेहता. काँग्रेसतर्फे नारायण काजरोळकर राखीव जागेला आणि विठ्ठल गांधी सर्वसाधारण जागेला. कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगे वेगळे. निकाल लागला. काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. ज्यांनी घटना समितीत कलम आणि कलम उभं राहून समजावलं, ते त्या घटनेखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत हरले. अशोक मेहताही हरले.

पुढे बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. त्यात एक आकडा होता, तो आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा तिसऱ्या पाळीची झोप उडाली. बाद झालेल्या चिठ्ठ्या ७४,३३३. चौदा हजारांनी हार आणि चौऱ्याहत्तर हजार चिठ्ठ्या वाया! आरोप असा होता की दुसरी चिठ्ठी फुकट घालवा, पण राखीव उमेदवाराला देऊ नका, असा प्रचार झाला. अर्जाने निकाल बदलला नाही. आमच्या मुंबईच्या मंडळींनी याचं सगळं खापर कित्येक वर्षं लाल बावट्यावर फोडलं. लाल बावट्याच्या युनियनमध्ये आम्हीही काही वर्षं काढली, त्यामुळे या वादात दोन्हीकडच्या शिव्या आम्ही खाल्ल्या आहेत. आम्हाला वाटतं, प्रचार झालाच. कामगार म्हणून एका मशिनवर उभा राहणारा माणूस मतपेटीपुढे गेला की जात आठवतो, हेही झालंच. पण चिठ्ठ्या पहिल्यांदाच हातात आलेल्या माणसांची सरळ चूकही त्यात असणार. पडदा, अंधार, ओळीने पेट्या आणि हातात दोन कागद. आमची आजी म्हणायची, देवाच्या दोन पेट्या असल्या तरी माणूस एकाच पेटीत पैसा टाकतो.

युती कुठेच जमली नाही असं नव्हे. त्याच निवडणुकीत सोलापूरला शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे सर्वसाधारण जागेवर आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज राखीव जागेवर, असे दोघेही निवडून आले. तिथे दुसऱ्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. आपल्याकडे कोल्हापूर-सातारा असा दोन जागांचा मतदारसंघ होता आणि तिथून बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर चक्क अपक्ष निवडून आले. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे ते त्यांचं.

बाबासाहेब नंतर त्याच वर्षी राज्यसभेवर गेले. वाचकहो, इथेही मोजणीची रीत बघा. राज्यसभेला आपण मत देत नाही, आमदार देतात, आणि ते पसंतीक्रमाने: पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे घालून. तिथे निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत, ठरलेला कोटा भरला की झालं. विरोधी आमदारांच्या पाठिंब्यावर तो कोटा भरला. जो माणूस एका रीतीने हरला तोच दुसऱ्या रीतीने त्याच वर्षी संसदेत गेला.

१९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. तिथेही दोन जागा, तिथेही अशोक मेहता सोबत. या वेळी मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ८,३८१ मतांनी पडले. आपल्यात असं सांगितलं जातं की कार्यकर्ते बाबासाहेबांकडे गेले आणि म्हणाले, आपली दुसरी चिठ्ठी जाळू, कुणालाच देऊ नको, म्हणजे आपलं पारडं जड होईल. बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं. घटना आपण केली आणि मत आपणच वाया घालवायचं? ही गोष्ट आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकली याला मोजदाद नाही. निकाल मात्र तिच्याशी जुळतो: मेहतांना आपल्या चिठ्ठ्या पोचल्या, आपल्याला त्यांच्या पुऱ्या पडल्या नाहीत. नायगावच्या आबांचं दुःख ते हेच.

आता कोल्हापूर. हा भाग आम्हाला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एरवी एका पंगतीला न बसणारे पक्ष त्यात होते: शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट आणि आपलं फेडरेशन. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे ही मागणी. डिसेंबरमध्ये बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं आणि दोनतीन महिन्यांत दुसरी लोकसभा निवडणूक आली. लोक पोरके झाले होते. पण काम थांबलं नाही. कोल्हापूर तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ. समितीतर्फे सर्वसाधारण जागेला शेकापचे भाऊसाहेब महागावकर, राखीव जागेला फेडरेशनचे शंकरराव दिगे. दोघेही निवडून आले.

आमचे वडील त्या वेळी कोल्हापुरात शाहूपुरीला गुळाच्या अड्ड्यावर हमाली करायचे. अड्ड्यावर गूळ घेऊन येणारे शेतकरी बहुतेक शेकापचे. वडील सांगायचे की मतदानाच्या आधी आठ दिवस एका गुऱ्हाळवाल्याने रव्यांच्या थप्पीवर बसून बाकीच्यांना दोन कागदाचे कपटे दाखवले होते: हा आपल्या भाऊसाहेबास्नी, ह्यो दिगेसाहेबास्नी, दोनी एकीकडं टाकशीला तर समितीचं नुकसान. ज्या माणसाच्या घरी वडिलांना ओसरीच्या खाली बसून चहा मिळायचा, तो माणूस आपल्या उमेदवारासाठी दुसरी चिठ्ठी मागत होता. त्याला आपल्याबद्दल माया होती असं वडिलांनी कधी म्हटलं नाही. त्याला महाराष्ट्र पाहिजे होता, त्यासाठी समितीच्या दोन्ही जागा पाहिजे होत्या आणि त्यासाठी दिगेसाहेब पाहिजे होते. वडील एवढंच म्हणायचे, "औंदा दुसरी चिठ्ठी आली." आबांच्या वाक्याला मिळालेलं हे उत्तर होतं, पाच वर्षांनी आणि दुसऱ्या गावात.

मुंबईत तर त्याहून मोठं नवल झालं. मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघातून समितीतर्फे दोघे निवडून आले: एक कॉम्रेड डांगे आणि दुसरे फेडरेशनचे गोपाळ माने. ज्या डांग्यांच्या नावाने १९५२ ला आपली माणसं कडाकडा बोटं मोडत होती, त्यांच्याच जोडीने १९५७ ला आपला माणूस लोकसभेत बसला. नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे गेले. फेडरेशनला एवढं यश आधी कधी मिळालं नव्हतं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे त्याची किती शकलं झाली, ते इथे सांगत बसलो तर स्मरणिकेला पानं पुरणार नाहीत.

दोन चिठ्ठ्यांची ती रीत लवकरच संपली. आंध्रात पार्वतीपुरम मतदारसंघात १९५७ ला गंमत झाली. दोन जागा, एक आदिवासींसाठी राखीव. राखीव जागा एका आदिवासी उमेदवाराला गेली आणि उरलेल्यांत जास्त मतं दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला, सुरी दोरांना पडली, त्यामुळे सर्वसाधारण जागाही त्यांनाच. हरले कोण, तर व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. गिरी सुप्रीम कोर्टात गेले, १९५९ ला हरले. खुल्या जागेवर राखीव समाजाचा माणूस बसू शकतो असा तो निकाल. आणि १९६१ ला कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ मोडून टाकले. मतदारसंघ फार मोठे होतात, खर्च फार होतो, ही कारणंही होती आणि खोटी नव्हती. पण वेळ मात्र नेमकी साधली गेली, असं आमच्यासारख्याला वाटल्याशिवाय राहत नाही.

तेव्हापासून एक मतदारसंघ, एक जागा, एक मत. मतदारसंघ एक तर राखीव, नाही तर खुला. आज लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ८४ अनुसूचित जातींसाठी आहेत, महाराष्ट्रात पाच: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. कोल्हापूर १९६२ पासून खुला आहे. शंकरराव दिग्यांच्या नंतर कोल्हापुरातून आपल्यातला माणूस लोकसभेवर गेला नाही.

या एका मताच्या रीतीत ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो. निम्मी मतं लागत नाहीत. दहा उमेदवार असतील तर तीस टक्क्यांतही काम भागतं. म्हणून देशात १९५२ ला काँग्रेसला मतं पडली शंभरात पंचेचाळीस आणि जागा मिळाल्या ४८९ पैकी ३६४. २०१४ ला भाजपला मतं शंभरात एकतीस आणि जागा २८२, म्हणजे एकट्याचं बहुमत. ज्याची मतं सगळीकडे थोडीथोडी पसरलेली, त्याला मतं भरपूर आणि जागा शून्य. आपलं दुखणं नेमकं हेच. आपण सगळ्या गावांत आहोत आणि कुठल्याच मतदारसंघात निम्मे नाही. आता दुसरी चिठ्ठी कागदावर राहिली नाही, ती मतदानाच्या आधीच्या बोलण्यात गेली: ही जागा तुम्ही लढा, ती आम्हाला सोडा.

गल्लीतल्या पोराच्या पन्नास मतांचा विषय निघाला म्हणून १९७७ सांगतो. आणीबाणी उठली, निवडणूक लागली. कोल्हापुरात शेकापचे दाजीबा देसाई विरुद्ध काँग्रेस. देसाई निवडून आले ते किती मतांनी? १६५. लाखांनी मतं मोजली आणि निकाल लागला एकशेपासष्टावर. त्या साली साऱ्या देशात लोकसभेच्या कुठल्याही जागेवर एवढा कमी फरक नव्हता. १६५ मतं म्हणजे आपल्यासारख्या तीन-साडेतीन गल्ल्या. त्या पोराला हे आम्ही मागाहून सांगितलं. तो म्हणाला, "असं पन्नास वर्षांत एकदा हुतंय काका." तेही खरं आहे. पण कुठल्या वर्षी होणार हे आधी कुणी सांगत नाही.

निवडून गेल्यावर दिल्लीत काय होतं तेही थोडं सांगायला हवं, कारण सभांत भाषण ऐकून आपल्या बायाबापड्यांना वाटतं की आपण पंतप्रधानालाच मत देतो. तसं नाही. आपण खासदार देतो. ५४३ खासदारांत ज्याच्या पाठीशी २७२ त्याला राष्ट्रपती सरकार बनवायला बोलावतात, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. लोकसभेने विश्वास काढला की सरकार गेलं. एका पक्षाचे २७२ नसले तर चार पक्ष मिळून करतात. २०२४ ला भाजपचे २४० आले आणि मित्रपक्ष मिळून २९३. तेव्हा लहान पक्षाच्या पाचदहा खासदारांना वजन येतं. ही दिल्लीतली दुसरी चिठ्ठी. (सभेत शलाका वाटून मत घेण्याची रीत बुद्धाच्या भिक्खुसंघात होती, आणि शलाका वाटणारा निःपक्षपाती असावा असा दंडक विनयात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या कामकाजाची आठवण घटना समितीला करून दिली होती.)

या वजनाचा नमुना १९९८-९९ चा. १९९८ ला महाराष्ट्रात काँग्रेस आणि रिपब्लिकन गट एकत्र आले आणि रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबई उत्तर मध्य मधून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा तेव्हा खुल्या होत्या! राखीव नव्हे, खुल्या. म्हणजे दुसऱ्यांची मतं पडल्याशिवाय एकही येणं शक्य नव्हतं. आणि पुढच्या वर्षी १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतं पडली, बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने देशाचं सरकार पडलं. आपले चौघे तेव्हा विरोधी बाकांवर होते. आम्ही त्या दिवशी गिरणीच्या कँटीनमध्ये रेडिओला कान लावून होतो. सुपरवायझर ओरडत होता आणि कुणी हलत नव्हतं. ते सरकार पडलं हे चांगलं झालं की वाईट, यावर त्या कँटीनमध्येच मारामारी व्हायची बाकी राहिली होती, ते सोडा. पण १९५२ ला चौदा हजारांनी हरलेल्या माणसांचे चार खासदार, एका मताने सरकार पडतं अशा दिवशी सभागृहात बसलेले होते. पुढच्या निवडणुकीत गट वेगळे, युत्या वेगळ्या, आणि ते चित्र पुन्हा दिसलं नाही.

आता यादीकडे परत येतो. एका निवडणुकीत आमच्या स्वतःच्या घरातली तीन नावं यादीतून गायब झाली होती. आमच्या कुटुंबाचं, वहिनींचं आणि धाकट्या मुलीचं. आधीच्या वेळी तिघींनी मत दिलेलं होतं. विचारायला गेलो तर कचेरीत एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं, आणि मतदानाच्या दिवशी तिघी बोटाला शाई न लागता परत आल्या. खरी चूक आमचीही होती. यादी आधी प्रसिद्ध होते, हरकतीला मुदत असते, ती आम्ही पाहिली नाही. १९५२ ला बायांनी नाव सांगितलं नाही म्हणून नावं गेली. आमच्या घरातल्यांनी सांगितलेलं नाव आम्ही सांभाळलं नाही.

तेव्हापासून आम्ही हे काम अंगावर घेतलं आहे. नवं नाव घालायला नमुना ६, मयत किंवा दुबार नाव काढायला नमुना ७, पत्ता किंवा नावातली चूक दुरुस्त करायला नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुना आणि कामासाठी पुण्याला, इचलकरंजीला गेलेली पोरं, यांचीच नावं जास्त चुकतात. बूथवर एजंट बसवायचा तर सकाळी मतदानाआधी निदान ५० मतांची चाचणी घेतात ती त्याने डोळ्यांनी बघायची, आणि संध्याकाळी एकूण किती मतं पडली याचा नमुना १७-सी केंद्राध्यक्षाकडून सहीनिशी घेतल्याशिवाय उठायचं नाही. आमच्याकडे २०२४ चा तो कागद अजून आहे.

तो डिप्लोमावाला पोरगा आता आमच्याबरोबर यादी घेऊन बसतो. त्याचं अक्षर आमच्यापेक्षा चांगलं आहे आणि मोबाईलवर नाव शोधायला त्याला दोन मिनिटं लागतात. वर्धापनदिनी वंदना झाल्यावर विहाराच्या ओसरीवर डाव्या हाताला टेबल मांडलेलं असेल. गल्लीवार यादी तिथे ठेवली आहे. येताना ओळखपत्र आणि सुनेचं माहेरचं नाव कागदावर लिहून आणावं.